पाऊण फटका

आमच्या टक्क्याला माणसांशी बोलता येत नाही, हे मी आधीच सांगून टाकते. म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको, की ताई, तुम्ही भावाची बाजू घेताय. मी कुणाचीच बाजू घेत नाही. दोन भाऊ आहेत मला, दोघंही माझ्या पाठचे आणि दोघांनीही माझ्या डोक्यावर मिरे वाटले आहेत. थोरला हा टक्का. धाकटा दुसऱ्या गावात बस चालवतो. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. बोलतात ते माझ्याशी, आणि दोघंही बोलून झालं की म्हणतात, "त्याला सांगू नकोस हं ताई."

टक्का हे नाव धाकट्यानेच पाडलं. लहानपणी आई विचारायची, कपडे बाहेर वाळत घालू का रे, पाऊस येईल का? धाकटा म्हणायचा, "घाल गं, नाही येत." हा दारात उभा राहून आभाळाकडे बघायचा आणि म्हणायचा, "चाळीस टक्के येईल." आई कपाळाला हात लावायची. आता यावर बाईने कपडे वाळत घालायचे की नाही घालायचे?

टक्का रंगाच्या दुकानात रंग जुळवतो. लोक भिंतीचा पोपडा कागदात गुंडाळून आणतात, असाच रंग द्या म्हणतात. हा तो पोपडा दाराशी नेऊन उजेडात धरतो, मागची बाजू बघतो, पुढची बघतो. मूळ रंग कुठला होता, उन्हाने किती उडाला, सगळं त्या नखाएवढ्या तुकड्यावरून ओळखतो. मग डब्यात थेंब सोडतो, डबा यंत्रात घालून हलवतो आणि म्हणतो, "दोन हात द्या." दिवसभरात तो माणसांशी बोलतो ते एवढंच. दुकानाच्या वर त्याची खोली आहे. एक खुर्ची, एक पलंग. मी गेले की खुर्ची मला आणि तो पलंगावर. तिसरं कुणी आलं तर कुठे बसेल, हा प्रश्न अजून पडलेला नाही. भिंतीवर त्याने नमुन्यासाठी रंगाचे चौकोन मारून ठेवलेत, पण एकही पसंत पडला नाही, म्हणून भिंत काही रंगली नाही.

लग्न? दोन स्थळं आणली होती मी. पहिलीला हा म्हणाला, "आपलं जमण्याची शक्यता निम्म्याहून थोडी कमी आहे." दुसरीच्या वेळी मी त्याला गप्प बसायला सांगितलं, तर तो खरंच शेवटपर्यंत गप्प बसला. मग मी नाद सोडला.

त्याचा जीव रमतो तो एकाच गोष्टीत. फोनवरचा जनावरांच्या झुंजीचा खेळ. हसू नका, मीही हसायचे. पन्नाशीला टेकलेला माणूस दुकान मिटल्यावर फोन घेऊन बसतो आणि राक्षसासारखी जनावरं एकमेकांवर सोडतो! पण त्याने मला एकदा समजावून सांगितलं, आणि मान्य करते, पोरखेळ नाही तो. प्रत्येक जनावराला जीव असतो, जोर असतो, कातडी असते, वेग असतो. खेळायच्या आधी प्रत्येक जनावराला थोडे जादा गुण वाटता येतात. कुणी ते जोरात घालतं, कुणी कातडीत. समोरच्याने कुठे घातलेत ते आपल्याला दिसत नाही. आता मी फटका मारला, तर त्याचा किती जीव जाईल? तो उलटून मारेल, तर माझं जनावर उभं राहील का? हे आधी मांडायचं. फटका दर वेळी सारखा बसत नाही, थोडा कमी, थोडा जास्त बसतो. मग सगळ्यांत कमी बसला तरी तो मरतो का, तेही काढायचं. टक्का हे सगळं डोक्यात करतो. त्यावरून तो ठरवतो की ही झुंज आपल्याला झेपेल की नाही, आणि नाही झेपणार असं दिसलं तर निमूट जनावर बदलतो.

त्याहून गंमत म्हणजे, तो हे उलटंही करतो. फटका मारून झाला की समोरच्याचा किती जीव गेला ते बघतो आणि त्यावरून ओळखतो, की याने गुण कातडीत घातलेत. "ताई," तो मला म्हणाला होता, "माणूस तोंडाने काहीही सांगेल. फटका खाल्ला की कळतं तो कसा आहे ते." मी म्हटलं, "हे वाक्य त्या स्थळांसमोर बोलला नाहीस ते बरं झालं."

हा खेळ पूर्वी दोघं भाऊ मिळून खेळायचे. एकच पडदा, एकच चमू. हिशोब थोरल्याचा, हात धाकट्याचा. धाकट्याने आयुष्यात बोटांपलीकडे बेरीज केली नाही, पण समोरचा आता घाबरलाय की माजलाय, हे त्याला बसल्या जागी कळायचं. दोघांची भांडणं बघण्यासारखी असायची. ढोल्या म्हणून एक जनावर होतं त्यांचं, अंगाने डोंगर, चालीने सगळ्यांत संथ. सगळं जग ढोल्याचे गुण कातडीत घालतं. धाकटा सगळेच्या सगळे वेगात घालायचा. इतकं करूनही तो फक्त दुसऱ्या ढोल्याच्याच पुढे जाऊ शकायचा. टक्का डोकं आपटायचा. धाकटा म्हणायचा, "असू दे रे दादा. बिचाऱ्याला एकदा तरी कुणाच्या तरी आधी जाऊ दे." मी आतून ओरडायचे, जेवायला या रे दोघं. कुणी यायचं नाही. घरात किती आवाज असायचा तेव्हा!

मग ती स्पर्धा आली. मोठं सभागृह होतं, शेवटच्या फेरीत आमचे दोघे होते, मी आणि आई पहिल्या रांगेत. जोडीची झुंज होती, म्हणजे दोन्हीकडून दोन-दोन जनावरं एकाच वेळी मैदानात. समोरची दोन्ही जनावरं लंगडायला आली होती. धाकटा म्हणाला, एकेकाला उडवू. टक्का म्हणाला, नाही, दोघांवर एकदम पडणारा फटका मार, सगळ्यांत कमी बसला तरी दोघं मरतात, माझा हिशोब आहे. धाकट्याने त्याच्याकडे एकदा बघितलं आणि मारला. दोघांपैकी एकही मेलं नाही. दोघांच्या अंगात कणभर जीव उरला आणि पुढच्या डावात आमचे आडवे झाले.

हरले ते हरले हो, हरण्याचं काय! पण टक्क्याने तिथेच, उभ्या उभ्या, उलटा हिशोब मांडला. एवढाच जीव गेला, म्हणजे आपल्या जनावराच्या जोरात गुण कमी होते. म्हणजे कुणीतरी ते काढले. आणि काढून दुसरीकडे घालायची खोड कुणाला होती? तो सगळ्यांसमोर धाकट्याला म्हणाला, "तू मला न विचारता गुण बदललेस." धाकटा म्हणाला, "नाही रे दादा, आईशप्पथ." आई तिथेच उभी होती. आणि हा मेला म्हणाला, "आकडे खोटं बोलत नाहीत. तू बोलतोस."

सभागृहातली माणसं वळून बघायला लागली. धाकट्याच्या कानांच्या पाळ्या लाल झालेल्या मला अजून दिसतात. पुढच्याच महिन्यात त्याने दुसऱ्या गावी बसची नोकरी धरली.

आई गेली तेव्हा दोघं आले होते. एक पायाशी उभा राहिला, एक डोक्याशी. मधे मी. दोघांनी मला धरलं, एकमेकांना नाही. मी तेव्हाही म्हटलं, अरे बोला, आता तरी बोला. दोघंही चपला घालून निघून गेले.

आता खरी गोष्ट ऐका, जी मला याच वर्षी कळली. एका संध्याकाळी मी टक्क्याकडे डबा घेऊन गेले. मी कपडे दुरुस्तीचं काम करते, चेन बदलणं, पँट आखूड करणं. काम संपलं की दोन गल्ल्या ओलांडून जाते. तो पलंगावर बसला होता आणि त्याचा चेहरा लालबुंद झाला होता. मला वाटलं, ताप आला. कपाळाला हात लावला, तर तो म्हणाला, "ताई, तो भेटला."

"कोण?"

"धाकटा. खेळात."

झालं होतं असं. खेळात समोर कोण आहे ते कळत नाही, जो तो टोपणनाव घेतो. बोलताही येत नाही. हसरं तोंड नाहीतर अंगठा, एवढंच दाखवता येतं. त्या संध्याकाळी समोर एक ढोल्या आला आणि याच्या ढोल्याच्या आधी चालला. हा सावध झाला. याने फटका मारला, तर समोरच्याचा जीव भसकन निम्म्याखाली! म्हणजे कातडीत एकही गुण नाही, सगळे वेगात. "असा ढोल्या जगात एकच माणूस पाळतो गं," टक्का म्हणाला.

मग त्याने सांगितलं. ज्या आठवड्यात धाकटा घर सोडून गेला त्याच आठवड्यात याने तो जुना हिशोब परत मांडला होता. एकच फटका दोघांवर पडला, की प्रत्येकाला तो पाऊणच लागतो. हा खेळाचा पहिल्या दिवसापासूनचा नियम. घाईत तो धरायचा राहून गेला होता. पाऊण धरला तर आकडा अगदी तंतोतंत जुळत होता. धाकट्याने काही म्हणजे काही बदललं नव्हतं.

"आणि तू हे इतकी वर्षं पोटात ठेवलंस?" मी ओरडलेच. "अरे दगडा! आई शेवटपर्यंत विचारत राहिली, माझ्या धाकट्याने असं का केलं असेल म्हणून!"

तो खाली मान घालून बसला. "सांगणार होतो," म्हणाला. "योग्य वेळ येईना."

"उचल फोन. आत्ता."

"नाही. मी वेगळ्या रीतीने सांगतो. त्याला सांगू नकोस हं ताई."

वेगळी रीत काय, तर ऐका आणि डोक्याला हात लावा. दोघं रोज साधारण एकाच वेळी खेळायचे. त्या वेळेला वरच्या पायरीवरचे खेळाडू कमी, म्हणून वरचेवर एकमेकांसमोर यायचे. टक्क्याने आपल्या ढोल्याचे सगळे गुण काढून वेगात घातले. धाकट्याला ते ओळखू येईल म्हणे. मग तो झुंज मुद्दाम अशी वळवायचा, की समोरची दोन्ही जनावरं लंगडायला यावीत. आणि तिथे, जिंकायची झुंज हातात असताना, दोघांवर एकदम पडणारा फटका मारायचा. दोघं वाचायचे. मग हा हरायचा. असं पुन्हा पुन्हा. "त्याने आकडा बघितला की त्याला कळेल," हा म्हणायचा. "त्याला दिसेल, की फटका पाऊणच लागतो, की त्याचं काही चुकलं नव्हतं."

अरे, ज्याने आयुष्यात आकड्याकडे ढुंकून बघितलं नाही, त्याला तू आकड्यात माफी मागतोस! पण त्याचं तोंड इतकं उजळलं होतं, की मला बोलवेना. दुकान मिटायची वेळ झाली की तो घड्याळाकडे बघायला लागायचा. एकदा तर गिऱ्हाइकाला "दोन हात द्या" च्या पुढे जाऊन म्हणाला, "छान दिसेल हो तुमची भिंत." दुकानदाराने मला रस्त्यात थांबवून विचारलं, याची तब्येत बरी आहे ना?

धाकट्याचा फोन येतो मला आठवड्यातून एकदा, आगारातून, गाडी सुटायच्या आधी. असाच आला. इकडचं तिकडचं झालं आणि मग तो हसत म्हणाला, "ताई, खेळात एक वेडा भेटायचा हल्ली. जिंकत आलेला डाव हातचा घालवायचा. रोज! मला आधी वाटलं, कुणाचं तरी पोर बापाचा फोन घेऊन बसतंय. मग वाटलं, नाही, हा मला मुद्दाम चिडवतोय. मरायला टेकलेल्याला मारायचं सोडून उगाच गोंजारत बसायचा. डोकं फिरलं माझं. काढून टाकला त्याला."

"काढून टाकला म्हणजे?"

"म्हणजे बंद केला. आता तो मला परत कधी लागणारच नाही."

माझ्या हातातली कात्री खाली पडली. तो तुझा दादा आहे, हे ओठांवर आलं होतं, पण शब्द दिला होता ना! तो म्हणाला, "हॅलो, ताई?" मी म्हटलं, "रेंज जातेय," आणि फोन ठेवला.

त्या संध्याकाळी टक्क्याकडे गेले. तो पलंगावर बसून पडद्याकडे बघत होता. पडद्यावर ते 'खेळाडू शोधत आहोत' असं फिरत होतं. कुणीतरी दुसरंच लागायचं, हा दोन फटक्यांत त्याला संपवायचा आणि परत शोधायला लावायचा. "ड्युटी बदलली असेल त्याची," म्हणाला. दुसऱ्या संध्याकाळी म्हणाला, "रस्ता लांबचा दिला असेल." मग म्हणाला, "आजारी नसेल ना गं? तुला आला होता का फोन?" त्याने जेवणाचा डबा उघडलासुद्धा नव्हता. फटक्यावरून माणूस ओळखणारा हा, त्याला एवढं ओळखू येईना, की समोरच्याने दार लावून घेतलंय.

मला ते बघवेना. खड्ड्यात गेला तो शब्द! घरी आले आणि धाकट्याला फोन लावला. म्हटलं, "तो वेडा नव्हता. तुझा दादा होता." आणि सगळं सांगितलं, पाऊण फटक्यापासून.

तिकडे आगाराचा गलका ऐकू येत होता. कुणीतरी कुणाला तरी हाका मारत होतं.

"तोंड आहे ना त्याला?" धाकटा शेवटी म्हणाला.

"आहे."

"मग तोंडाने सांगू दे. मला हिशोब नकोय ताई. तेव्हाही नको होता." मग म्हणाला, "उद्या दुपारी मी गाडीवर नाहीये. फोन जवळ ठेवतो."

दुसऱ्या दिवशी दुकानात जेवणाची सुट्टी झाली, तशी मी टक्क्याला वर खोलीत नेलं, खुर्चीत बसवलं, स्वतः पलंगावर बसले. काय झालं ते सांगितलं. बंद केल्याचंही सांगितलं. त्याचा चेहरा इतका उतरला, की मला माझीच चीड आली. पण मी नंबर लावून फोन त्याच्या कानाला लावला.

"काय म्हणेल तो?" त्याने हळूच विचारलं.

"टक्के काढत बसू नकोस. बोल!"

मला एकाच बाजूचं ऐकू येत होतं. "हॅलो... मी... हं." मग त्याने घसा खाकरला आणि गिऱ्हाइकाला रंगाचा नंबर सांगतात तशा आवाजात म्हणाला, "त्या दिवशीचा हिशोब. दोघांवर पडणारा फटका पाऊणच लागतो. मी पूर्ण धरला होता." थांबला. तिकडे काहीतरी विचारलं गेलं. "हो, तेवढंच. बाकी सगळे आकडे बरोबर होते." पुन्हा थांबला. "बरं." आणि फोन खाली घेतला.

तो माझ्याकडे बघून हसला. खूप वर्षांनी हसला तो असा. "सांगितलं," म्हणाला.

"काय सांगितलंस?"

"चूक माझी होती म्हणून."

"ते कुठे सांगितलंस? नियम सांगितलास तू! तुला खोटारडा म्हणालो, सगळ्यांसमोर म्हणालो, चुकलो रे, माफ कर, हे कधी म्हणालास?"

"ते त्यात आलंच ना," तो म्हणाला.

"नाही आलं."

तो फोनकडे बघत राहिला. "त्याला कळलं नसेल?"

"त्याने काय विचारलं मधे?"

"'एवढंच सांगायचं होतं का?' म्हणाला."

मी डोळे मिटले. आणि हा म्हणाला, हो, तेवढंच!

"परत लाव," मी म्हटलं. त्याने लावला. रिंग वाजून वाजून बंद झाली. परत लावला, तशीच बंद झाली. खाली दुकानात डबा हलवायचं यंत्र सुरू झालं आणि खोलीची फरशी बारीक थरथरायला लागली. सुट्टी संपली होती. दुकानदाराने खालून हाक मारली. टक्का उठला, पण दारापर्यंत जाऊन तसाच उभा राहिला, पाठ माझ्याकडे करून.

"ताई, त्याचा आवाज किती जाड झालाय गं," तो म्हणाला. "मला आधी वाटलं, दुसऱ्याच कुणाला लागला फोन. सर्दी झालीय का विचारणार होतो, ते राहूनच गेलं. झालीय का त्याला सर्दी?"

"नाही रे," मी म्हटलं. "त्याचा आवाज असाच आहे आता. खूप वर्षं झाली."